चॅनलचं नाव बदलतं, तेव्हा नेमकं काय बदलतं?

(रेडिओवरील भाषण)

आपल्या मिरजोळ्यात संध्याकाळी दिवाबत्ती झाली की घराघरांत टीव्ही लागतो. रोजचं चॅनल एखाद्या दिवशी वेगळ्याच नावाने दिसलं, की आपण आधी केबलवाल्याला विचारतो, “अरे, आमचं चॅनल गेलं कुठं?” आज त्याचंच उत्तर बघू.

चॅनलच्या तीन गोष्टी बदलू शकतात: नाव, मालक आणि माणसं. तिन्ही एकदम बदलतात असं नाही.

आधी नाव. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्याच्या मराठी वाहिनीला 2000 साली ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं. नाव नवीन, पण ‘आमची माती, आमची माणसं’ सांगणारं घर तेच राहिलं. दूरदर्शन सरकारच्या खात्यातून प्रसार भारती या महामंडळाकडे गेलं ते त्याआधी, 1997 साली. म्हणजे कारभार बदलला एका वेळी आणि पाटी दुसऱ्या वेळी.

कधी पाटी बदलते ती भागीदारी सुटली म्हणून. 2007 साली ‘स्टार माझा’ सुरू झालं. आपल्या देशात तेव्हा बातम्यांच्या चॅनलमध्ये परदेशी कंपनीला 26 टक्क्यांहून जास्त वाटा ठेवता येत नव्हता. त्यामुळे मोठा वाटा कोलकात्याच्या आनंद बझार पत्रिका समूहाचा आणि नाव मात्र स्टारचं, अशी ती व्यवस्था होती. 2012 साली ती संपली. स्टारने आपलं नाव काढून घेतलं आणि चॅनल ‘एबीपी माझा’ झालं. आपल्या ओळखीचे बरेच चेहरे मात्र पडद्यावर तसेच दिसत राहिले.

आता मालक. ‘ई टीव्ही मराठी’ आठवतं ना? हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाने ते 2000 साली सुरू केलं. पुढे ते विकलं गेलं आणि मार्च 2015 मध्ये ‘कलर्स मराठी’ झालं. इथे आधी मालक बदलला, पाटी नंतर. नोव्हेंबर 2024 मध्ये याहून मोठी गोष्ट झाली. रिलायन्स आणि डिस्ने यांचे टीव्हीचे धंदे एकत्र आले. ‘स्टार प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’ आजही वेगवेगळ्या नावांनी दिसतात, एकमेकींशी चढाओढ करतात, पण आता त्या एकाच घरातल्या जावा आहेत. पाटी तीच आणि मालक बदलला, तर आपल्याला पत्ताही लागत नाही.

तिसरी गोष्ट माणसं. 2014 साली नेटवर्क18 या कंपनीची मालकी रिलायन्सकडे गेली. ‘आयबीएन लोकमत’ त्याच कंपनीच्या भागीदारीतलं चॅनल. त्याचे संपादक निखिल वागळे त्याच वर्षी बाहेर पडले. संपादक बदलला की कोणती बातमी आधी घ्यायची, कोणाला प्रश्न विचारायचा, हेही बदलू शकतं. मालिकेत फार तर नायिका बदलेल. बातम्यांत फरक पडतो तो आपल्या प्रश्नांना.

आपल्या प्रश्नांना कसा? जिल्ह्यात बातम्या गोळा करणाऱ्या अनेक बातमीदारांना महिन्याचा पगार नसतो. जेवढ्या बातम्या लागतील तेवढे पैसे. खर्च कमी करायचा ठरलं की पहिली कात्री अशा माणसांवर चालते. मग मुंबई-पुण्याच्या बातम्या दिवसभर फिरतात आणि उन्हाळ्यात कोरडी पडलेली आपली विहीर, पावसात खचलेला रस्ता कॅमेऱ्यापुढे येतच नाही. केबलवरच्या गावच्या चॅनलचंही असंच. गणपती, शिमग्याची पालखी, क्रिकेटचे सामने तिथे दिसतात. पण लहान केबलचालक मोठ्या कंपनीला जोडला गेला, की ते चॅनल ठेवायचं की नाही हे दुसरं कुणीतरी ठरवतं.

मग आपण काय करायचं? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा.

एक, घरचं केबलचं किंवा डिशचं बिल आणा. 2019 पासून पैसे देऊन घ्यायच्या प्रत्येक चॅनलची किंमत वेगळी जाहीर करावी लागते आणि हवी तेवढीच चॅनलं निवडता येतात. बघत नसलेल्या चॅनलचे पैसे का भरायचे? दूरदर्शनच्या फ्री डिशला तर डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच येतो, महिन्याचं भाडं नाही.

दोन, बातमीदाराची ओळख ठेवा, चॅनलची नव्हे. त्याच्या हातातल्या माइकवरचं नाव बदलतं, माणूस बहुधा जिल्ह्यातच राहतो. गावचा प्रश्न एका कागदावर तारखेसकट लिहून, सोबत अर्जाची प्रत जोडून त्याच्याकडे द्या.

तीन, महत्त्वाची बातमी दोन ठिकाणी बघा. आणि ती दोन ठिकाणं एकाच मालकाची नाहीत ना, एवढं विचारून घ्या.

भाजी घेताना आपण ती कुठल्या वाडीतली ते विचारतो. बातमी घेतानाही तेवढं विचारायला हवं.