खेड्यातील हायस्कूल: एक मागोवा

जून महिना उजाडला की आम्हां मुख्याध्यापक मंडळींच्या मनात एकच हिशेब चालू असतो. यंदा आठवीत मुले किती आली? गेल्या वर्षी आमच्या सीमाभागातील सरकारी मराठी माध्यमिक शाळेत हा हिशेब अकरावर येऊन थांबला. पालकसभेत एक वयस्क शेतकरी उठले आणि त्यांनी सरळच विचारले, "सर, अकरा पोरांसाठी हायस्कूल चालवायचं कशाला? पिवळी बस दारात येते, इंग्रजी शाळेत नेते. जाऊ द्यात की तिकडं."

प्रश्नात कुचेष्टा नव्हती. म्हणूनच आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. घरी आलो आणि आमचे तात्या आठवले. तात्या आज हयात नाहीत. परंतु हायस्कूल म्हणजे काय हे आम्ही बी. एड.च्या पुस्तकांतून शिकण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या तोंडून ऐकले होते.

निपाणीजवळच्या एका खेड्यात तात्यांचा जन्म झाला. वडील तंबाखूच्या वखारीत मजुरी करीत. गावातील शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचे तर फी हवी आणि राहण्या-जेवण्याची सोय हवी. दोन्हींची वानवा. अशा वेळी कोणीतरी सांगितले की साताऱ्यास एक हायस्कूल आहे, तेथे फी पडत नाही; मात्र काम करावे लागते. 1944 साली तेरा वर्षांचे तात्या एका व्यापाऱ्याच्या गाडीतून कोल्हापुरास आणि तेथून आगगाडीने सातारा रोड स्थानकावर येऊन दाखल झाले. ते हायस्कूल म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे महाराजा सयाजीराव हायस्कूल.

रोपटे कोठे लागले?

या हायस्कुलाचे मूळ शोधू गेल्यास आपण आमच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या गावांतच येऊन पोहोचतो. संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. स्वतः त्यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे कार्य त्यांनी जवळून पाहिले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. कोणत्या गावात शाळा नाही आणि कोणाच्या घरचे मूल हुशार असूनही गुरांमागे आहे, हे त्यांना या भटकंतीत कळले.

1919 साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपणच करीत आणि एका पंगतीस बसत. त्या काळी ही गोष्ट बोलण्यास सोपी आणि करण्यास महाकठीण होती. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेरीस मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. मुलांच्या भाकरीसाठी सौभाग्यलेणे देणाऱ्या या माउलीचे 1930 मध्ये निधन झाले. आपण लावलेल्या रोपट्याचा वृक्ष पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

क्रम ध्यानात घेण्याजोगा

वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. भाऊरावांनी प्रथम हायस्कूल काढले नाही. आधी वसतिगृह काढले, कारण मुलाला निवारा आणि भाकरी नसेल तर वर्ग रिकामाच राहणार. नंतर 1935 मध्ये शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले, कारण खेड्यात जाऊन राहणारा शिक्षक शहरातून आयता मिळत नाही. मग जेथे शाळाच नव्हती अशा लहान गावांत व्हॉलंटरी शाळा निघाल्या. एवढे झाल्यावर 1940 मध्ये साताऱ्यास ते विनाशुल्क निवासी हायस्कूल उघडले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव त्यास दिले. ज्या नरेशाने 1906 साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यांचे नाव त्यांच्या निधनानंतर वर्षभराने अशा हायस्कुलास लाभावे, हे बडोदेकर मराठी कुटुंबांस आजही अभिमानाचे वाटेल.

फी नाही, पण फुकटही नाही, असा या शाळेचा दंडक होता. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचे ब्रीद. तात्या सांगत, सकाळी वर्ग, दुपारी काम. कधी शेतात कुदळ, कधी खडी फोडणे, पाळीप्रमाणे भाकरी थापणे. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले तेव्हा ते रात्री पांघरुणात रडले. शेजारचा मुलगा वेगळ्या जातीचा. त्याने खोबरेल तेल लावून दिले. "त्या दिवशी घरचं सोवळं-ओवळं माझ्या मनातून गेलं," असे तात्या म्हणत. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी आणि हाती काठी अशी 'अण्णां'ची मूर्ती दुरून दिसली की मुले ताठ उभी राहत.

खेड्याकडे

स्वातंत्र्यानंतर हायस्कूल शहर सोडून खेड्याकडे निघाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच वर्षी, 1948 मध्ये, मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. ते पुढे पूर्ववत झाले, तरी मधला काळ कसोटीचा होता. तो निभावला तो लोकांच्या बळावर. गावाने जागा द्यायची, देवळात वा चावडीत पहिला वर्ग भरवायचा, सुगीला धान्य घालायचे, भिंतींसाठी दगड-माती बैलगाड्यांनी ओढायची, अशा रीतीने ही हायस्कुले उभी राहिली. 9 मे 1959 रोजी कर्मवीरांचे निधन झाले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभरावर गेली होती. पुढे तिचे काम कर्नाटकातही पोहोचले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. पारंबीने जमिनीत रुजावे आणि तिचेच खोड व्हावे, तसा हा विस्तार झाला.

तात्या पुढे एका खेड्यातील हायस्कुलात शिक्षक झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमचा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, परंतु मुलाच्या घरी जाऊन त्याला शाळेत आणण्याची तात्यांची सवय बदलली नाही.

उत्तर

आता त्या शेतकरीबाबांच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही दुसऱ्या सभेत त्यांना हा इतिहास सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तेव्हा शाळा नव्हती म्हणून गावानं दिलं, सर. आता आहे, म्हणून किंमत नाही." यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. मात्र दोष एकट्या गावाचा नाही, हे आम्ही कबूल केले. दारात येते ती बस. आम्ही कोणाच्या दारात गेलो होतो?

त्या सायंकाळपासून आम्ही आणि आमचे दोन सहकारी घरोघर गेलो. सातवीनंतर घरी बसलेल्या तीन मुली सापडल्या. एकीला धाकट्या भावंडांना सांभाळायचे होते, दुसरी वीटभट्टीवर जात होती, तिसरीच्या घरच्यांना दूरच्या वाटेची काळजी होती. पिवळ्या बसची फी यांपैकी कोणालाच परवडणारी नव्हती. वाटेच्या काळजीवर त्या शेतकरीबाबांनीच तोड काढली. त्यांची नात आमच्याकडे नववीत आहे, ती रोज त्या मुलीला सोबत घेऊन येऊ लागली. पंधरवड्यात तिघीही वर्गात बसल्या.

पट अकराचा चौदा झाला. चौदा ही मोठी संख्या नव्हे, आणि पुढील जूनमध्ये काय होईल हेही सांगता येत नाही. परंतु हायस्कूल कशाला, या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांला शोधावे लागत नाही. ज्यांच्या दारात बस थांबत नाही, त्यांच्यासाठी. वाचकांच्या गावीही असे एखादे हायस्कूल असेलच. या सुट्टीत गावी गेलात तर तेथे पाऊल टाकावे, आणि सातवीनंतर कोणाचे मूल घरी बसले आहे, एवढी चौकशी अवश्य करावी.