पोथीतले वैद्यक, हातातले वैद्यक

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले आणि सोबत एका माणसाचे चित्र. माणसाचे नाव कावसजी. इंग्रज फौजेत तो बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचाच राहिला. मग पुण्याजवळ, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिल्याचे पत्रात म्हटले आहे.

पत्रात कृतीही सविस्तर दिली आहे. आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकाराचा करायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली, की नवी जागा तिला धरेपर्यंत या पट्टीतूनच रक्त येत राहते. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या लावायच्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या चिंध्या, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने या पद्धतीचा अभ्यास करून १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातली प्लास्टिक सर्जरी तिथून नव्याने उभी राहिली. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र पत्रात कुठेच नाही.

वैद्यकाचा इतिहास वाचताना हे नाव नसणे मला सतत खटकत राहते, कारण या इतिहासाची सगळी गोम तिथेच आहे. जाणणारा आणि हात चालवणारा माणूस एकच असला, की ही विद्या झपाट्याने पुढे गेली. पोथी एकाकडे आणि चाकू दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली, की ती शतकानुशतके अडून राहिली.

सुरुवातीला अशी वाटणी नव्हती. इजिप्तमधला ‘एडविन स्मिथ पपायरस’ इसवी सनापूर्वी सोळाशेच्या सुमाराचा. त्यात ४८ रुग्णांची टिपणे आहेत, डोक्याच्या जखमांपासून खाली उतरत गेलेली. जखम चाचपून पाहायची, लक्षणे लिहायची आणि शेवटी निकाल द्यायचा: हा बरा करीन, याच्याशी झुंज देईन, किंवा याला उपाय नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही लेखणी जखमेत हात घातलेल्या माणसाची आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेने तर हाताचे शिक्षणच आखून दिले. छेद घ्यायला कोहळा, काकडी, कलिंगड. शिर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. रुतलेली वस्तू बाहेर काढायला फणस आणि बेल. यंत्रे १०१ आणि शस्त्रे वीस, आणि या सगळ्यांत श्रेष्ठ यंत्र म्हणजे हात, असे ग्रंथ स्पष्ट सांगतो. शरीराच्या आतले पाहायचे तर प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग कुंचल्याने थर थर घासत एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा. नुसते शास्त्र जाणणारा किंवा नुसते कर्म जाणणारा वैद्य एका पंखाच्या पक्ष्यासारखा निरुपयोगी, असा त्याचा निर्वाळा आहे. कापलेल्या नाकाची दुरुस्तीही त्यात आहे. फक्त तिथे कातडी गालाची घ्यायला सांगितली आहे.

हे सगळे गेले कुठे? आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. प्रेताला शिवणे, रक्त-पू हाताळणे याला समाजाने विटाळ मानले. मनुस्मृतीने वैद्याचे अन्न पुवासारखे अग्राह्य ठरवले आणि श्राद्धाच्या पंगतीत त्याला जागा नाकारली. शिकलेला वैद्य नाडी आणि काढे यांच्याकडे सरकत गेला. फोड फोडणे, तुंबड्या लावणे, हाड बसवणे, बाळंतपण ही कामे न्हावी, धनगर, सुईणी यांच्या हाती राहिली. त्यांच्या हातात कसब होते, पण ते लिहून ठेवणारे कोणी नव्हते. सुश्रुताची पोथी वाचली जात होती आणि पुण्याजवळचा कारागीर नाके बसवत होता. या दोघांची गाठ पडल्याची खूण मला तरी कुठे दिसत नाही.

युरोपातही हेच घडले, फक्त कारणे वेगळी. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याला माणसाचे प्रेत फाडायची मुभा नव्हती. त्याने माकडे आणि डुकरे फाडली आणि त्यांची रचना माणसाला लावली. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, हे त्याचे मत पुढे तेराशे वर्षे शिकवले गेले. मधल्या काळात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांबरोबर चरक-सुश्रुतही अरबीत गेले, इब्न सिनाने ज्ञानकोश रचला, कोर्दोब्याजवळच्या अल् जहरावीने शस्त्रांची चित्रे काढून ठेवली. पण युरोपच्या विद्यापीठांत चित्र असे होते: प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलेनची पोथी वाचतोय आणि खाली न्हावी प्रेत कापतोय. पोथीत एक आणि प्रेतात दुसरे दिसले, तर चूक प्रेताची.

पादुआचा आंद्रेअस व्हेसॅलिअस त्या आसनावरून खाली उतरला आणि त्याने चाकू स्वतःच्या हातात घेतला. १५४३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने मानवी शरीररचनेवरचा आपला महाग्रंथ छापला. जबडा एकाच हाडाचा निघाला. त्याच काळात फ्रान्समध्ये आंब्रुआझ पारे हा न्हावी-शल्यवैद्य होता. १५३७ च्या लढाईत, बंदुकीच्या जखमेत ओतायचे उकळते तेल संपले, म्हणून त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. सकाळी पाहतो तो लेपवाले शांत झोपलेले आणि तेलवाले तापाने फणफणलेले. पारेला लॅटिन येत नव्हते. त्याने फ्रेंचमध्ये लिहिले आणि म्हणूनच त्याचे लिखाण इतर न्हाव्यांपर्यंत पोहोचले. इथे गोव्याची आठवण ठेवायला हवी. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधी-संवादांत पोथीतल्या ग्रीक-अरबी मतांपेक्षा इथे डोळ्यांनी पाहिलेल्या झाडपाल्याला वजन दिले आहे.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची कोंडी फुटली. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त या आयुर्वेद शिकवणाऱ्या पंडिताने स्वतः शवविच्छेदन केले. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली आणि तीत भाऊ दाजी लाड होते. पण याच शतकाने शिकलेल्या हाताला फार कडू धडाही दिला.

व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन कक्ष होते. डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या कक्षात १८४६ मध्ये अकरा टक्क्यांहून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुईणींच्या कक्षात तीन टक्क्यांहून कमी. इग्नाझ झेमेलवाइसने कारण शोधले. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासत होते. सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या. १८४७ मध्ये त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायची सक्ती केली आणि पुढच्या वर्षी मृत्यू सव्वा टक्क्याच्या आसपास आले. तरीही सहकाऱ्यांनी मानले नाही. प्रतिष्ठितांचा हात रोग नेतो, हे त्यांना ऐकवले नाही. झेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला. त्याच वर्षी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. दहा-वीस वर्षांत हात धुणे ही शल्यवैद्याची पहिली कृती झाली. त्याआधी गेलेल्या बायांचा हिशेब कोणी ठेवला असेल?

हात स्वच्छ न ठेवण्याची किंमत आपल्याकडे वाल्डेमार हाफकिनने मोजली. मुंबईच्या प्लेगात त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवालला लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली आणि दोष हाफकिनवर आला. मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. ती उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरला, पण त्याला वर्षे लागली. परळची संस्था आज त्याच्या नावाने ओळखली जाते.

विसाव्या शतकाचे पराक्रम वाचकाला ठाऊक आहेत: इन्सुलिन, पेनिसिलिन, देवीच्या रोगाचे निर्मूलन, हृदयावरच्या शस्त्रक्रिया, शरीर न उघडता आतले दाखवणारी यंत्रे. माझ्या लेखी मात्र या शतकातला सर्वांत मोठा शोध मीठ-साखरेच्या पाण्याचा आहे. आतड्यात साखर असली की तिच्याबरोबर मीठ आणि पाणीही रक्तात शोषले जाते, हे प्रयोगशाळेत कळले होते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधले मृत्यू तीस टक्क्यांच्या जवळून चार टक्क्यांच्या खाली आले. शेकडो रुग्णांना ते पाणी पाजणारे हात आया-बहिणींचे होते.

महाराष्ट्राने ही वाट आणखी पुढे नेली. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला गेले आणि अक्षरओळख नसलेल्या, अनेकदा दलित असलेल्या बायांना त्यांनी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. पोथीतले अद्ययावत ज्ञान आणि गावातला हात इथे एकत्र आले, आणि प्रत्येक मृत्यूची नोंदही झाली. कावसजीच्या कारागिराला हेच मिळाले नव्हते.

पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांना बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासण्याचे काम दिले गेले. गावोगावच्या लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायांच्या नोंदी, क्षयाच्या गोळ्या त्यांच्याच हातून जातात. करोनाच्या साथीत घरोघर फिरणाऱ्याही त्याच होत्या आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. सरकारी कागदोपत्री त्या आजही स्वयंसेविका आहेत आणि त्यांना पगार नाही, मानधन मिळते. वैद्यकाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांनी तरी त्यांच्या पगाराच्या मागणीमागे उभे राहावे.