पाळणा आणि फळा

प्रसूतीची रजा संपवून शिक्षिका शाळेत रुजू होते, तेव्हा शाळेच्या हजेरीपटावर एक स्वाक्षरी वाढते, एवढेच. घराचा मात्र अवघा दिनक्रम बदलतो. तो कोणी सावरायचा, हा प्रश्न बहुधा रजेच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत कोणी विचारलेलाच नसतो.

महाराष्ट्रातील शासकीय व अनुदानित शाळांतील शिक्षिकांना १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. केंद्राच्या २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. या रजेच्या काळात नोकरीवरून काढण्यासही कायद्याची मनाई आहे. तरीही तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिक्षिकेला जागा हातची जाण्याचे भय असते, आणि त्या भयापोटी ती लवकर वर्गावर परतते.

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत ते चालू ठेवावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे आई शाळेत जाऊ लागते, नेमके त्याच सुमारास बाळ पहिली पेज, पहिले वरणाचे पाणी चाखते. दोन्ही बदल एकदम येतात. म्हणूनच बाळाला भरवणाऱ्या हातांची सवय रजा संपण्यापूर्वीच व्हायला हवी.

शिक्षिकेचे काम घंटेला बांधलेले असते. पान्हा दाटून छाती ठणकत असली, तरी भरला वर्ग सोडून तिला उठता येत नाही. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत मातेला दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सवड मिळावी, अशी कायद्यात तरतूद आहे. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघरही आवश्यक आहे. लहान शाळेला पाळणाघर परवडत नसेल, पण आतून कडी लागणारी एक खोली आणि वेळापत्रकात योग्य अंतराने ठेवलेले दोन मोकळे तास यांना फारसा खर्च येत नाही. समाजाने चालविलेल्या शिक्षणसंस्थांनी यात पुढाकार घ्यावा.

खरी कसोटी सायंकाळी असते. शाळा पाचला सुटते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरात ती साडेपाचला पाऊल टाकते. उरलेल्या अर्ध्या तासात बाळाला पाजायचे, की भाकरी थापायची? बहुतेकदा ती दोन्ही करते आणि स्वतःचे जेवण हुकवते. मग दुसऱ्या सकाळपर्यंत पोटात अन्न नाही. स्तनदा मातेला तर नेहमीपेक्षा अधिक आहाराची गरज असते.

नियम साऱ्या घराचा असेल, तर त्यासाठी लागणारे श्रमही साऱ्या घराचे असले पाहिजेत. तिने येताच बाळाला मांडीवर घ्यावे. तवा पतीने ठेवावा, ताटे सासऱ्यांनी मांडावीत. दिवसभर नातवंडाला सांभाळून सासूबाईंचीही पाठ दुखत असते, हे विसरू नये. आणि पहिले ताट तिच्यासाठी वाढावे, सूर्य मावळण्यापूर्वी.