मे महिन्याचं वीजबिल अचानक फुगलं? आधी हे बघा

जळगाव-धुळ्यात पारा 44 च्या वर गेला की कूलर रात्रंदिवस चालतो. 200 वॅटचा कूलर रोज 15 तास चालला, तर महिन्याला 90 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात 100 आणि 300 युनिटनंतर वरच्या युनिटला जास्त दर लागतो, म्हणून वापर थोडा वाढला तरी रक्कम बरीच वाढते.

पण कारण दरवेळी कूलरच नसतं! बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी स्वतः ताडून बघा. घर बंद असल्याने सरासरी बिल आलं असेल, तर पुढे साठलेले युनिट एकदम येतात. 2020 च्या टाळेबंदीनंतर जूनमध्ये राज्यभर हेच झालं होतं. अशा वेळी युनिट महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ मिळालाय का, हे नक्की तपासा. उन्हाळ्यात येणारं सुरक्षा ठेवीचं बिलही वेगळं असतं.

चूक वाटली तर फोटोसह लेखी तक्रार द्या, पोच घ्या. वीज कायदा 2003, कलम 56 फार कामाचं आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरा, वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. चौकशीसाठी 1912.