श्रावणातली दाढी आणि फवारणीचा मास्क



काही वर्षांमागची गोष्ट. श्रावण सरत आला होता. कपाशीवर मावा-तुडतुडे पडलेले आणि पावसाने उघडीप दिलेली, त्यामुळे शिवारात जिकडेतिकडे फवारणी चाललेली. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला दुपारी गरगरू लागले, उलट्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली. घरच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून माणूस हाती लागला. भेटायला गेलो तर त्याची कारभारीण म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगितला तसाच डब्यांचा मास्क आणला होता. मग असं कसं झालं?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. श्रावण पाळलेला, महिन्याची दाढी वाढलेली. मास्क आणा, हे मी सांगितले होते. दाढीचे सांगायचे राहिले होते. ते आज सांगतो.

पाटाच्या बांधाला खेकड्याचे भोक असले की पाणी तिथूनच पळते. हवेचेही तसेच. मास्कच्या डब्यातल्या कोळशातून हवा ओढायला थोडा जोर लागतो. रबरी कडेखाली केस असले की फट राहते आणि विषारी वाफ त्या फटीतून थेट नाकात शिरते. लांब दाढीच कशाला, दोन दिवसांचे खुंटही कड नीट बसू देत नाहीत. मिशी चालते, पण ती कडेच्या आत मावली पाहिजे.

अमेरिकेत २०१५ साली सुधारलेल्या नियमांनुसार, असा मास्क लावून शेतात औषध हाताळणाऱ्या मजुराला मास्क नीट बसतो की नाही, हे मालकाने आधी तपासून घ्यावे लागते. एका पद्धतीत मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपडे घालून आत गोड किंवा कडू पाण्याचे तुषार सोडतात. जिभेला चव लागली तर मास्क गळका. कडेखाली दाढी असेल तर ही तपासणी करतच नाहीत.

आपल्याकडे टोपडे नसले तरी हात आहेत. मास्क लावल्यावर दोन्ही डबे तळव्यांनी झाका आणि हळू श्वास आत ओढा. मास्क तोंडाला चिकटून तसाच राहिला पाहिजे. मग श्वास बाहेर पडायची झडप झाकून हळूच फुंका. कडेने हवा निसटली तर पट्टे सारखे करून पुन्हा पाहा. दर खेपेला, पंप पाठीवर घेण्याआधी हे करायचे. आत औषधाचा वास येऊ लागला तर लगेच शेताबाहेर या आणि डबे बदला.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोविडच्या काळातला कापडी मास्क वाफ अडवत नाही. आणि चांगला मास्क लावला तरी विष कातडीवाटेही अंगात शिरते. म्हणून हातमोजे, अंगभर कपडे, बूट आणि चष्मा हवेतच. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. औषध कालवणाऱ्या घरच्या बाईलाही हे सगळे लागू आहे.

मग श्रावण पाळणाऱ्याने काय करावे? व्रत मोडा, असे मी म्हणत नाही. त्या महिन्यात पंप घरातल्या गुळगुळीत दाढी केलेल्या मोठ्या माणसाने घ्यावा. मजूर लावलात तर मास्क, मोजे त्यालाही द्या. त्याचीही लेकरे वाट पाहत असतात. बारमाही दाढी राखणाऱ्यांसाठी बॅटरीवर हवा पुरवणारे सैल टोप मिळतात, पण ते महाग असतात. तेव्हा त्यांनीही हे काम दुसऱ्याकडे द्यावे हे बरे.

डोके दुखणे, घाम, लाळ, अंधूक दिसणे, यांतले काहीही जाणवले की फवारणी थांबवा. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा. घरी वाट पाहत बसू नका.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली. ती आठवण ठेवा. दाढी महिनाभरात पुन्हा येते. गेलेला माणूस येत नाही.