वैद्याची धनैषणा : खेळते भांडवल आणि म्युच्युअल फंड

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा या तीन एषणा सांगितल्या आहेत. प्राणरक्षणाच्या खालोखाल धनार्जनाला स्थान देताना आचार्यांनी कृषी, पशुपालन, वाणिज्य व राजसेवा या उपजीविकांचा उल्लेख केला आहे. पहिल्या एषणेचा अभ्यास आपण आयुष्यभर करतो. दुसरीचा मात्र औषधविक्रेत्याचे बिल थकल्यावरच विचार करतो. आपल्यापैकी बहुतेकांना निवृत्तिवेतन नाही. म्हातारपणाची सोय चिकित्सालय व औषधी भांडार यांच्या उत्पन्नातूनच करावयाची आहे. म्हणून दुकानातील पैसा कसा फिरतो व उरलेला पैसा कोठे ठेवावा, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नफा आणि रोकड

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव. आष्टी, आर्वी, कारंजा या परिसरातील रुग्ण मुख्यतः कापूस, सोयाबीन व संत्रा पिकविणारे. त्यांच्या हाती पैसा येतो तो कापसाची वेचणी झाल्यावर किंवा संत्र्याचा बहार विकल्यावर. पावसाळ्यात रुग्ण अधिक आणि रोख कमी, अशी स्थिती असते. त्यामुळे वहीत नफा दिसत असूनही गल्ला रिकामा, हा अनुभव येथील वैद्यांस नवा नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका भांडाराची मासिक विक्री 1,50,000 रुपये, विकलेल्या औषधांची खरेदी किंमत 1,11,000 रुपये. ढोबळ नफा 39,000 रुपये. भाडे, पगार, वीज इत्यादींवर 21,000 रुपये गेले. घरखर्चापूर्वीचा नफा 18,000 रुपये. परंतु त्याच महिन्यात ग्राहकांकडील उधारी 12,000 रुपयांनी व औषधांचा साठा 15,000 रुपयांनी वाढला. ठोक विक्रेत्याचे देणे केवळ 3,000 रुपयांनी वाढले. तर 18,000 मधून 27,000 वजा करून 3,000 मिळविले असता रोकड 6,000 रुपयांनी घटली! नफा खोटा नाही. तो फळीवर आणि उधारीच्या वहीत जाऊन बसला आहे.

आता याच भांडारात साठा 2,22,000, येणे 75,000 आणि देणे 1,11,000 रुपये आहे असे समजा. दररोज 3,700 रुपयांच्या खरेदी किमतीचा माल खपतो, म्हणजे साठा 60 दिवसांचा. रोजची विक्री 5,000, म्हणून उधारी 15 दिवसांची. ठोक विक्रेता 30 दिवस थांबतो. साठ आणि पंधरा मिळवून तीस वजा केले की 45 दिवस उरतात. इतके दिवस पैसा आपल्याला स्वतः पुरवावा लागतो. या उदाहरणात ही रक्कम 1,86,000 रुपये. हेच खेळते भांडवल.

साठा 60 ऐवजी 45 दिवसांचा ठेवला तर 55,500 रुपये मोकळे होतात. यासाठी कर्ज लागत नाही, ग्राहकही वाढवावा लागत नाही. शार्ङ्गधर संहितेने चूर्णे लवकर हीनवीर्य होतात व आसव-अरिष्टे काळानुसार गुणवान होतात असे सांगितले आहे. हाच विवेक खरेदीत हवा. ‘दहावर दोन मोफत’ या योजनेत घेतलेली चूर्णे मुदतबाह्य झाली, तर मोफतच्या दोन डब्यांनी दहा डब्यांचे पैसे खाल्ले असे समजावे.

सामूहिक गुंतवणूक म्हणजे काय?

भिशी आपल्या परिचयाची आहे. म्युच्युअल फंडातही अनेकांचा पैसा एकत्र येतो, पण रचना निराळी. समजा 1,000 व्यक्तींनी प्रत्येकी 10,000 रुपये दिले. जमले 1 कोटी. दहा रुपयांचे एक याप्रमाणे 10 लाख युनिटे वाटली गेली. व्यवस्थापकाने त्या पैशातून समभाग किंवा रोखे घेतले. त्यांची किंमत 1 कोटी 12 लाख झाली आणि खर्च व देणी 2 लाख असली, तर उरलेले 1 कोटी 10 लाख भागिले 10 लाख, म्हणजे प्रति युनिट 11 रुपये. यालाच निव्वळ मालमत्ता मूल्य म्हणतात. पैसा विश्वस्तांच्या देखरेखीखाली असतो, गुंतवणूक व्यवस्थापन कंपनी करते, समभाग-रोखे स्वतंत्र अभिरक्षकाकडे राहतात आणि या सर्वांवर सेबीचे नियंत्रण असते.

या मूल्याचे महत्त्व ‘यूएस-64’ने शिकविले. संसदेच्या 1963 च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन झाली आणि 1964 मध्ये ही योजना निघाली. अनेक मध्यमवर्गीय घरांत ती बँकेतील ठेवीइतकीच सुरक्षित मानली जाई. परंतु तिची खरेदी-विक्रीची किंमत प्रत्यक्ष मालमत्तेच्या मूल्याशी जोडलेली नव्हती, ती जाहीर केली जात असे. समभाग कोसळले तेव्हा दोहोंतील दरी उघडी पडली आणि जुलै 2001 मध्ये युनिटांची खरेदी-विक्रीच थांबवावी लागली. 2003 मध्ये संस्थेचे विभाजन झाले. जाहीर किंमत आणि खरे मूल्य एकच असेल असे नाही, हा त्यातील धडा.

रोखे फंडही निर्धोक नसतात. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना बंद केल्या. पुढे गुंतवणूकदारांना टप्प्याटप्प्याने पैसे मिळाले. पण ज्यांना त्या महिन्यात पैसा हवा होता त्यांना तो मिळाला नाही.

एक स्वानुभव

2007 च्या दिवाळीनंतर, तेजीच्या भरात, पुढील हंगामाच्या औषधखरेदीसाठी राखलेली रक्कम मी इक्विटी फंडात घातली. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 च्या आसपास होता. ऑक्टोबरमध्ये तो 9,000 च्याही खाली गेला. त्याच सुमारास ठोक विक्रेत्याचे देणे आले आणि जवळजवळ निम्म्या किमतीत युनिटे विकावी लागली. नोव्हेंबर 2010 मध्ये बाजार पुन्हा 21,000 ला पोहोचला, पण माझी युनिटे तेव्हा माझी नव्हती. दोष फंडाचा नव्हता. औषध योग्य होते, काल चुकला. संधान पूर्ण होण्यापूर्वी भांडे उघडले तर अरिष्ट बनत नाही, तसेच हे झाले.

पथ्यापथ्य

पैशाचे तीन भाग करावेत. पहिला, खेळते भांडवल व तीन-चार महिन्यांचा घर-दुकानाचा खर्च. हा बचत खाते, मुदतठेव किंवा अल्पमुदतीच्या रोख्यांत गुंतवणूक करणाऱ्या लिक्विड फंडात असावा. दुसरा, तीन-चार वर्षांत लागणारा पैसा : मुलांचे शिक्षण, दुकानाचे बांधकाम. तोही बाजाराच्या चढउतारावर सोडू नये. तिसरा, सात-दहा वर्षे ज्याला हात लावावयाचा नाही, तोच इक्विटी फंडात. आपले उत्पन्न हंगामी असल्याने मासिक हप्ता पावसाळ्यातही झेपेल इतकाच ठेवावा आणि कापसाच्या दिवसांत जादा रक्कम भरावी.

खर्चाकडेही लक्ष द्यावे. एक लाख रुपये वीस वर्षे दरसाल 10 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 6,72,000 होतात. 9 टक्क्यांनी सुमारे 5,60,000. एका टक्क्याचे अंतर एक लाखाहून अधिक! जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडास मध्यस्थाविना घ्यावयाची ‘डायरेक्ट’ योजना ठेवावी लागते व तिचा खर्च कमी असतो. ज्यांना सल्ल्याची गरज आहे त्यांनी मध्यस्थ अवश्य घ्यावा, पण त्याचे मोल किती पडते हे जाणून घ्यावे.

शेवटी, ठरावीक व मोठ्या परताव्याची हमी देणाऱ्या योजनेपासून दूर राहावे. सर्व रोगांवर एकच औषध विकणाऱ्यास आपण वैद्य म्हणत नाही. पैशाच्या बाबतीतही तोच निकष लावावा. या महिन्याअखेर प्रत्येकाने साठा, येणे व देणे हे तीन आकडे कागदावर मांडावेत. निदान झाल्यावाचून चिकित्सा नाही.