कालव्याकाठी, दमादमाने

पन्नाशीत सायकल घ्यायची, पहिल्याच रविवारी दौलताबादचा घाट चढायचा आणि मग गुडघा धरून घरी बसायचे, असे अनेकांचे होते. अशांनी सुरुवात पैठणच्या बाजूने करावी. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. पाणी आपोआप वाहत राहावे म्हणून त्याला अगदी अल्प उतार दिलेला असतो. त्यामुळे काठाचा रस्ता जिथे चांगला आणि खुला आहे, तिथे चढाचा त्रास जवळपास नसतो.

सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते. मात्र सीट फार खाली असली तर गुडघा जास्त दुमडतो आणि दुखू लागतो. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढी सीट उंच ठेवा.

वेग किती असावा? सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे असा मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास.

व्यायामात स्नायू रक्तातील साखर वापरतात. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि खिशात साखर ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम आला, तर लगेच थांबून ती खावी.

आवर्तन सुरू असताना हातपाय धुवायलाही कालव्यात उतरू नका. अस्तरीकरणाचा उतार निसरडा असतो. पाणी बाटलीतलेच बरे.